जेवढा सांगितला तेवढाच श्वास

मंगळवार, ४

बाबांच्या यकृतातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, हे आज कळलं. गाठ आहे हे महिन्यापूर्वीच कळलं होतं. ती एका जागी थांबत नाही हे आज.

डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या. मी त्यांच्या टेबलावरची पेनं मोजत होतो. सहा. श्वास घेतला की पोटातलं सगळं खाली सरकतं, सोडला की वर येतं, आणि गाठ त्याच्याबरोबर. लिंबाएवढी आहे. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, म्हणून ऑपरेशन नाही. किरण द्यायचे, पाचच वेळा पण जोरदार. शेजारी आतडं. गाठ हलत राहिली तर आतडं भाजणार. म्हणून बाबांनी श्वास घेऊन वीस सेकंद रोखायचा, दर वेळी तेवढाच, म्हणजे गाठ दर वेळी त्याच जागी सापडेल आणि मशीन तेवढ्यात आपलं काम उरकेल.

"आणि नाही जमलं तर?" आईने विचारलं.

"तर हलका डोस देऊ. दुखणं कमी होण्यापुरता."

"म्हणजे गाठ?"

"गाठ राहील."

बाबा हसले. "वीस सेकंद? मॅडम, मी पाण्याखाली दीड मिनिट बसतो."

बाबा तलावावर पोहायला शिकवतात. एकतीस वर्षं.

मग आतल्या खोलीत नेलं. तिथे एक ताई आहेत, स्कॅनच्या टेक्निशियन. चेहरा असा की हसल्या तरी कळत नाही. त्यांनी बाबांच्या पोटावर काड्यापेटीएवढा एक डबा ठेवला, त्यावर चकचकीत ठिपके. छतावरचा कॅमेरा ठिपके बघतो आणि पडद्यावर रेषा निघते. श्वास वर, रेषा वर. मध्ये एक हिरवी पट्टी. रेषा त्या पट्टीत जाऊन थांबली पाहिजे.

बाबांनी पहिल्याच झटक्यात पट्टीच्या वर नेली. दुसऱ्यांदा त्याच्याही वर.

"काका, स्पर्धा नाहीये," ताई माइकवर म्हणाल्या. "जेवढा सांगितला तेवढाच घ्या."

"कमी कसा घेऊ?" आतून आवाज आला. "आयुष्यभर पोरांना भरून घ्या भरून घ्या सांगतोय."

पाच वेळा घेतला, पाच वेगळ्या उंचीवर. ताईंनी डबा काढला आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली. तोवर घरी सराव. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. एक तक्ता दिला: वेळ, किती सेकंद, पोट किती मिलिमीटर वर आलं, शेरा.

"घरात मोजायला कोण आहे?"

"हा आहे. फिजिक्सला होता," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "होता."

ताईंनी तक्ता माझ्या हातात दिला.

कॉलेजातल्या तिला काल मेसेज केला होता. वाचलाय. उत्तर नाही.

बुधवार, ५

सराव सुरू. बाबा पलंगावर आडवे, पोटावर साबणाची रिकामी डबी, बाजूला मी स्टीलची पट्टी उभी धरून. आई दारात भाजीची परात घेऊन.

"घ्या. थोडा. थोडा म्हटलं ना. बाबा, थोडा."

"ओरडू नकोस."

"तुम्हीच असं शिकवता."

"मी काठावरून ओरडतो. ऐकू जावं म्हणून. तू कानात ओरडतोयस."

आई म्हणाली, "दोघांनाही पोटावर डब्या ठेवून झोपवते, कुणाची जास्त उडते बघू."

सकाळी चौदा सेकंद, बारा, बारा, अकरा, दहा. ज्याला दीड मिनिट जमतं त्याचं हे. मुद्दाम करतात. मी शिकवतोय म्हणून. कॉलेज सोडल्यापासून चार महिने माझ्याशी धड बोललेले नाहीत, आता माझ्या हातावर श्वास मोजून द्यायचा म्हणजे जड जाणारच.

आकडे खरे लिहिले.

गुरुवार, ६

आठव्या सेकंदाला सोडला. म्हणे शिंक आली. शिंकले नाहीत. पुढच्याला म्हणे पाणी जास्त प्यालो. त्याच्या पुढच्याला डोळे मिटून नुसतेच पडून राहिले आणि म्हणाले, "उद्या करू."

मी पट्टी भिंतीवर फेकली. रंगाचा टवका उडाला. बाबांनी टवक्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

आत जाऊन तक्त्यात दहाच्या दहा ओळी भरल्या. वीस, वीस, वीस. उंची पंधरा, पंधरा, पंधरा. कॉलेजात प्रॅक्टिकलची रीडिंगं अशीच भरायचो. उत्तर काय यायला पाहिजे ते माहीत असतं, मागचे आकडे त्याच्याकडे वळवून आणायचे. सरांना कळायचं. सही करायचे. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

शुक्रवार, ७

सराव घेतला नाही. तक्ता भरला. बाबांनी खाली सही केली. वर काय लिहिलंय ते वाचून केली. चष्मा लावला होता.

शनिवार, ८

वर्गातल्या एकाचा फोन आला. तिचं लग्न ठरलं. ज्याचा मी दात पाडला त्याच्याशी.

फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो. बादली भरून वाहत होती, ते बघत उभा राहिलो. आईने दार वाजवलं तेव्हा नळ बंद केला.

त्याने कृत्रिम दात बसवलाय म्हणे. मूळच्यापेक्षा सरळ.

बाबा दुपारभर खुर्चीतच झोपतात हल्ली. पलंगावरून टीव्ही दिसत नाही म्हणतात. टीव्ही बंद होता. ताटातलं निम्मं टाकलं. पट्ट्याला आतल्या बाजूला नवीन भोक पाडलंय, तरी शर्ट बाहेरच ठेवतात. म्हातारपण एकदम येतं की काय कुणास ठाऊक.

तक्ता भरला.

रविवार, ९

तिच्या गावाला जातोय. आईला सांगितलं मित्राकडे.

"मित्राकडे जायला तीनदा भांग पाडावा लागतो?"

"दोनदा पाडला."

"आणि ह्यांचा सराव?"

"एक दिवस नाही केला तर काही होत नाही. तसंही ते करत नाहीतच."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "जाऊ दे त्याला. जाऊन येऊ दे एकदा." मग मला, "छत्री घेऊन जा."

आकाशात एक ढग नव्हता. घेतली नाही.

मंगळवार, ११

काल परत येणार होतो, गाडी चुकली. म्हणजे स्टँडवर बाकावर बसलो होतो आणि ती समोरून गेली.

तिच्या घरी गेलो तेव्हा ती खाली आली. वाटलं नव्हतं येईल. फाटकाशी चार मिनिटं उभी राहिली, घड्याळ बघून सांगतो. हातात ओला रुमाल होता, तो पिळत होती. मी सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं पहिलं वाक्यच आठवेना.

ती म्हणाली, "तू त्याला मारलंस तेव्हा तो माझ्याबद्दल बोलतच नव्हता. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता. तू विचारलंही नाहीस."

मी म्हणालो, बरं.

मग म्हणाली, "घरी सगळे कसे आहेत?"

मी म्हणालो, मजेत.

"परत कॉलेजला ये. अजून घेतील."

ती आत गेली. फाटकाची कडी मीच लावली.

घरी आलो तर तक्ता टेबलावर होता आणि दोन दिवसांच्या ओळी बाबांनी स्वतः भरल्या होत्या. रविवार सकाळ: ९, ८, ८, ६. पाचवी ओळ रिकामी. संध्याकाळ: ७, ६. सोमवार: ६, ५, ५, ४. शेऱ्यात सुंदर अक्षरात, "एकट्याने घेतला. पट्टी नीट दिसत नाही, चू.भू. द्यावी घ्यावी."

पहिला दिवस सोडला तर वर माझे सगळे वीस आणि खाली ह्यांचे सहा आणि पाच. माझं नाक कापायला दुसरी काही जागा मिळाली नाही. उद्या ताई बघतील आणि विचारतील, मुलगा असताना वीस आणि नसताना पाच?

कोऱ्या कागदावर नवीन तक्ता आखला. पहिल्या दिवसापासून सगळे वीस. जुन्याची घडी घालून खिशात ठेवली. नवीन पुढे केला, बाबांनी परत सही केली. मी तयार होतो भांडायला.

बुधवार, १२

सगळं क्रमाने लिहितो.

ताईंनी तक्ता बघितला. "सगळे वीस? एकही एकोणीस नाही?"

"मुलाने रोज घेतला सराव," बाबा म्हणाले. "कडक आहे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. प्रॅक्टिकलच्या सरांसारखं. बाबांना टेबलावर झोपवलं, पोटावर डबा ठेवला, आणि बाहेर येऊन काचेमागे बसल्या. मी त्यांच्या मागे उभा.

"काका, घ्या. थोडा. आणखी थोडा. थांबा."

रेषा पट्टीत शिरली. आणि थांबली. आठ. दहा. रेषा थरथरत होती पण पट्टीच्या बाहेर गेली नाही. मी पडदा सोडून काचेतून बघितलं. बाबांचे पाय दिसत होते, मोजे काढलेले. पायाची बोटं आत वळली होती. अशी की तळव्यात मूठ आवळल्यासारखी. चौदा. उजव्या पायाची टाच टेबलावर घासत होती. पोट हलू नये म्हणून फक्त टाच. सोळा. अठरा. वीस.

"सोडा. वा, काका. जमलं की."

बाबा आतून म्हणाले, "मग." आवाज पाण्यातून आल्यासारखा.

"ह्याच उंचीवर आता चित्रं घेते. मग आतले सर हिशेब करतील, किरण कुठून आणि किती. पुढचे पाचही दिवस असाच रोखायचा."

"पाच वेळा?" मी विचारलं.

"पाच दिवस. एका दिवसात पंचवीस-तीस वेळा."

मी खिशातला तक्ता काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हा बघा."

"हा काय?"

"हा खरा आहे. म्हणजे खालच्या दोन दिवसांचा. वरचा मी भरलाय. त्यांना पाचपेक्षा जास्त जमत नाही."

माइकचं बटण दाबलेलंच होतं. आतून आवाज आला, "गप्प बस. आत्ता जमलं ना. घ्या हो ताई तुम्ही चित्रं."

"बाबा, तुमचे पाय दिसतात इथून."

"तुला कुणी विचारलं का?"

मी काचेवर हात मारला. ओरडलो बहुतेक. काय ते आठवत नाही. ताई उठल्या, मला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरबाईंना फोन केला. तोवर आतून बाबा, "काही झालेलं नाही, पोरगं तापट आहे," असं कुणाला तरी सांगत होते. आत दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरबाईंनी बरगडीखाली बोटं टेकवली. दाबलीही नाहीत. बाबांचं तोंड एका बाजूला गेलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे असतील."

"श्वास घेतला की?"

"भरून घेतला की."

"सांगितलं का नाही?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "तुम्ही म्हणालात नाही जमलं तर हलका डोस. हलका नको होता मला."

डॉक्टरबाई टेबलाच्या कडेला बसल्या. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. आज तुम्ही वीस रोखलेत, त्यावर आम्ही आखणी केली असती. पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या श्वासाला सुटला असता, आणि गाठ जिथे असायला हवी तिथे आतडं आलं असतं. कळलं का?

बाबांनी मान हलवली. तलावावर नवीन मूल हलवतं तशी.

मग दुसरा मार्ग सांगितला. रोखायचंच नाही. नेहमीसारखा श्वास घेत राहायचं, आणि स्कॅनर एकेका जागेची पुष्कळ चित्रं काढत जाईल, श्वासाच्या सगळ्या पायऱ्यांची. मग त्या चित्रांचे दहा गठ्ठे लावायचे, श्वास सुरू होतानाचा एक, भरत आलेला एक, असे. म्हणजे गाठ कुठून कुठे फिरते ते सगळं दिसतं. पोटावर रुंद पट्टा बांधायचा, म्हणजे फिरणं कमी होतं. पंधरा मिलिमीटरच्या आत आलं तर जोरदार डोस देता येईल. नाही आलं तर नाही. अट एकच, श्वास एकसारखा पाहिजे. एक मोठा एक छोटा झाला तर गठ्ठे चुकतात, आणि गाठ जिन्यासारखी तुटक दिसते.

दुखण्याचं औषध दिलं. शुक्रवारची वेळ दिली.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "तक्ता चांगला आखला होतास. रेघा सरळ."

गुरुवार, १३

औषधाने बाबा पलंगावर झोपले. अकरा तास. आई दर तासाला दारातून बघून जात होती. मी काही केलं नाही. भिंतीवरच्या टवक्याला पांढरा रंग लावायचा होता, डबा वाळून गेला होता.

शुक्रवार, १४

अकरा मिलिमीटर. सोमवारपासून सुरू. जोरदारच.

आईला फोनवर एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "परत सांग." परत सांगितलं.

बाकीचं आता लिहितो. पट्टा बांधायच्या आधी ताईंनी नुसती रेषा बघितली, चित्रं न काढता. रेषा वाईट होती. एक मोठा, दोन छोटे, मग एक थांबलेला.

"काका, नेहमीसारखा घ्या."

"नेहमीसारखाच घेतोय."

"नाही, मोजून घेताय."

"ताई, एकतीस वर्षं मोजूनच घेतोय. आता न मोजता कसा घ्यायचा ते तुम्हीच शिकवा."

ताईंनी पाच मिनिटं वाट बघितली. रेषा तशीच. माइक बंद करून मला म्हणाल्या, "ह्यांना श्वासाचा विसर पडला पाहिजे. गाणी लावून बघितली असती, पण तालावर घेतील. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त त्यांनी उत्तर द्यायचं नाही, उत्तर दिलं की रेषा बिघडते. आणि भांडण नको."

माइकचं बटण दाबलं. काचेपलीकडे बाबांचे पाय. मोजे आज घातलेले होते.

"बाबा, मी आहे."

मग आतून बाबांनीच विचारलं, "त्या मुलीचं काय झालं?"

आईने सांगितलं असणार. किंवा कुणीच सांगितलं नसेल.

"काका, आता बोलायचं नाही," ताई म्हणाल्या. मला हाताने खूण केली, चालू कर.

मी सांगितलं. लॅबमध्ये तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. लंबकाचे झोके मोजताना ती दर वेळी बारा-तेराला चुकायची, म्हणून तिचेही मीच मोजायचो. तिला चष्म्याची काच ओढणीने पुसायची सवय होती आणि ती काच कधीच स्वच्छ व्हायची नाही. तिला काही सांगितलं नव्हतं, सांगायच्या बेतात दीड वर्ष गेलं. मग एक दिवस जिन्यात तो काहीतरी बोलला आणि मी मारलं. दात पायरीवर पडला, मी उचलून त्याच्या हातात दिला. ती वर उभी होती. म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं? मग कमिटी बसणार होती आणि मी कमिटीच्या आधीच निघून आलो. कुणी काढलं नाही मला, बाबा. मीच आलो. तुम्हाला सांगितलं होतं की काढलं.

सांगताना आवाज सपाट होता माझा. बातम्या वाचल्यासारखा. ताई पडद्याकडे बघत चित्रं काढत होत्या. रेषा चढत होती आणि उतरत होती, चढत होती आणि उतरत होती, सगळ्या टेकड्या एका उंचीच्या. चार वर्षांचा होतो तेव्हापासून मी इतका वेळ बोललोय आणि मध्ये बाबा काहीच बोलले नाहीत, असं झालेलं नाही.

फाटकापर्यंत आलो. तिने घरच्यांचं विचारलं आणि मी म्हणालो मजेत.

इथे रेषा एकदा वर गेली, नेहमीपेक्षा बरीच, आणि सावकाश खाली आली. पुढची टेकडी परत आधीसारखी. ताईंनी बोटाने सांगितलं, थांबू नको. मी गाडी चुकली ते सांगितलं, आणि मग काही उरलं नाही.

"झालं," ताई म्हणाल्या. "चित्रं नीट आली. आतले सर म्हणतात एकोणीस फिरतेय. आता पट्टा बांधून परत एकदा, तो आकडा खरा." आत जाऊन त्यांनी पट्टा आवळला. बाबांना विचारलं दुखतंय का, बाबांनी खरंच विचार करून सांगितलं, थोडंसं, ह्या इथे. त्यांनी एक घर सैल केला. परत काचेमागे आल्या. "आणखी तेवढाच वेळ बोलता येईल?"

"संपलं सगळं," मी म्हणालो. "दुसरं काही नाही सांगायला."

बटण दाबलेलं होतं.

"मग परत पहिल्यापासून सांग," आतून बाबा म्हणाले.